रोकोको चर्चमधली चित्रं कशी वाचायची: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

म्युनिकला येऊन मला सहा वर्षं झाली, आणि इथे पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच. राजाचा किल्ला झाला, बीअर गार्डन झाली, मग उरतात चर्चेस, त्यातली बरीच रोकोको म्हणजे अठराव्या शतकातल्या गोड, नटव्या शैलीत सजवलेली. पहिल्या वर्षी मी अशा तीन-चार चर्चमधे गेले आणि प्रत्येक ठिकाणी मान वर करून "वाव, काय सोनं लावलंय" एवढंच म्हणून बाहेर आले. गुलाबी ढग, गुटगुटीत उघडी पोरं, हवेत तरंगणाऱ्या बायका, सगळं एकसारखंच दिसायचं. एका चर्चमधे तर मी मैत्रिणीला छातीठोकपणे सांगितलं की हे सगळे मदन आहेत, प्रेमाचे देव. शेजारी उभ्या असलेल्या एका जर्मन आजींनी माझ्याकडे असं बघितलं की हिला मराठी येतं की काय, असं मला वाटून गेलं.

नंतर वाचत गेले, परत परत जाऊन बघत गेले. मी कलेची विद्यार्थिनी नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पण जे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितेय.

सोबत काय काय लागेल

- छोटी दुर्बीण. आठपटवाली पुरते. छतावरची चित्रं नुसत्या डोळ्यांनी अर्धीच दिसतात, आणि मोबाईलचा झूम अंधारात गचाळ येतो.
- हातातला आरसा, पर्समधला चालेल. छाती-पोटाजवळ आडवा धरायचा आणि खाली बघायचं. मानेचे हाल वाचतात. हसतील लोक, हसू दे.
- मोबाईलमधे मराठी बायबल, फुकट मिळतं. सगळं वाचायची गरज नाही. उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय, लूकचे पहिले दोन आणि प्रकटीकरणाचा बारावा, एवढं तरी वाचून जा. एका चहात होतं.
- चर्चच्या दाराशी मिळणारी पातळ पुस्तिका. दोन-चार युरो जातात, पण कुठला संत कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्यात असतं. जर्मन येत नसेल तर फोटो काढून ट्रान्सलेट करा.
- उन्हाळ्यात पण स्वेटर. आत जाम गार असतं.

१. आधी एक गैरसमज काढून टाका

रोकोको म्हटलं की नेटवर काय येतं, झोपाळ्यावरची गुलाबी फ्रॉकवाली मुलगी, राजवाड्यातल्या पार्ट्या, पावडर लावलेले केस. म्हणून लोकांना वाटतं ही नुसती श्रीमंतांची चैनीची कला, धर्माशी हिचा काय संबंध. साधारण १७२० ते १७८० हा तिचा काळ, फ्रान्समधे तिने राजवाडे आणि दिवाणखाने सजवले हे खरं आहे, पण बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि व्हेनिसमधे तिच्यावर सगळ्यात जास्त पैसा खर्च केला तो मठांनी आणि चर्चनी. आणि त्यात गंमत अशी की चित्र जितकं गोड आणि हलकंफुलकं दिसतं तितकं त्याच्यामागे काटेकोर ठरवलेलं असायचं. कुठला संत कुठे, त्याच्या हातात काय, कुणाच्या पायाखाली काय, हे बहुतेक वेळा मठातला शिकलेला साधू ठरवून द्यायचा आणि मग चित्रकार कामाला लागायचा.

२. चेहरा बघू नका, हात आणि पाय बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. चेहरे सगळे सारखेच गोरे-गुलाबी, त्यावरून काही कळत नाही. आपण देवळात काय करतो? मूर्तीचं नाक-डोळे बघून देव ओळखत नाही. कमरेवर हात म्हणजे विठोबा, पायाशी उंदीर म्हणजे गणपती, चार कुत्री आणि गाय म्हणजे दत्त. इथे अगदी तेच चालतं. आयुधं आणि वाहनं शोधा, नाव आपोआप सापडतं.

माझ्या वहीतले रोज उपयोगी पडणारे हे:

- किल्ल्या: पीटर. तलवार आणि पुस्तक: पॉल.
- मोडकं चाक: अलेक्झांड्रियाची कॅथरिन. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल हिचंच. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो दिवस, २५ नोव्हेंबर, हिच्या सणाचा होता, म्हणून ते तिच्या नावाने. तिथे जाऊन आला असाल तर ही तुमची जुनी ओळख.
- बाण लागलेला उघडा तरुण: सेबास्टियन. प्लेगच्या साथीत याचा धावा करायचे.
- मधमाश्यांचं पोळं: आंब्रोझ. जळतं हृदय हातात धरलेला बिशप: ऑगस्टीन. सिंह किंवा लाल कार्डिनलची टोपी: जेरोम.
- डोक्याभोवती पाच तारे, कधी ओठावर बोट: नेपोमुकचा जॉन. हा माझा आवडता. हा पाद्री. राणीने त्याच्याजवळ पापांची कबुली देताना सांगितलेलं गुपित राजाला सांगितलं नाही म्हणून १३९३ साली त्याला प्रागच्या नदीत फेकलं अशी कथा आहे. १७२९ साली तो अधिकृत संत झाला, म्हणजे ऐन रोकोकोच्या तोंडावर, त्यामुळे या भागात तो जिथे तिथे दिसतो. बव्हेरियातल्या कुठल्याही जुन्या पुलावर बघा, उभा असतोच.
- पाठीवर पंख आणि हातात पांढरी लिली: गॅब्रिएल देवदूत, येशूच्या आईला, मरियाला, निरोप द्यायला आलेला.

इथला सापळा: एकाच वस्तूचे दोन अर्थ असतात. साप जमिनीवर, तोंडात सफरचंद, वर कुणाचा तरी पाय, तर ते पाप. तोच साप स्वतःची शेपूट तोंडात धरून गोल झालेला असेल तर अनंतकाळ. वस्तू दिसली की लगेच अर्थ लावून पुढे पळू नका, ती कुणाजवळ आहे ते बघा.

आणि ती उघडी पोरं, ज्यांच्यावर माझी फजिती झाली, त्यांच्या हातात धनुष्य-बाण असेल तरच मदन. चर्चमधली पोरं देवदूतांची पिल्लं. पण चित्रकार तोच, आणि राजवाड्यात त्याने तीच पोरं मदन म्हणून काढलेली असतात, त्यामुळे माझी चूक अगदीच बिनडोक नव्हती असं मी मनाला समजावते.

३. मरियाची तीन चित्रं वेगळी ओळखायला शिका

यात सगळे घोळ घालतात. वर ढगात मरिया, आजूबाजूला देवदूत, मग हे नक्की कुठलं चित्र?

खाली उघडं रिकामं थडगं आणि त्याच्याभोवती आश्चर्याने वर बघणारे पुरुष असतील, तर ते तिचं स्वर्गारोहण. वर बाप, पुत्र आणि कबूतर मिळून तिच्या डोक्यावर मुकुट ठेवतायत, तर राज्याभिषेक. आणि ती एकटीच चंद्रकोरीवर उभी, पायाखाली साप, तर निष्कलंक गर्भसंभव.

या तिसऱ्या नावाने भल्याभल्यांची विकेट जाते. लोकांना वाटतं हे येशूच्या जन्माबद्दल आहे. नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासूनच मूळ पापाचा, म्हणजे आदम-हव्वेपासून प्रत्येक माणसाला जन्मतःच चिकटलेल्या पापाचा, डाग तिला लागला नव्हता, असा त्याचा अर्थ आहे. यावर चर्चमधे कित्येक शतकं वाद चालू होते, आणि पोपने त्याला अधिकृत सिद्धांत केलं ते थेट १८५४ साली. स्पेन मात्र या कल्पनेच्या कायम प्रेमात. तिसऱ्या कार्लोस राजाने १७६० मधेच तिला या रूपात देशाची संरक्षक ठरवलं, आणि पुढे अरान्हुएसच्या एका चर्चसाठी व्हेनिसच्या तिएपोलो या चित्रकाराला सात मोठी चित्रं सांगितली. त्यातलं निष्कलंक मरियाचं चित्र आज माद्रिदच्या प्रादो म्युझियममधे आहे. मी मागच्या वर्षी बघितलं. जाणार असाल तर या क्रमाने बघा, वरून खाली:

डोक्यावर कबूतर, म्हणजे पवित्र आत्मा. डोक्याभोवती बारा तारे, हे सरळ प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातून, सूर्य पांघरलेली स्त्री, पायाखाली चंद्र, डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट. पांढरा झगा आणि निळी शाल, हे रंगही स्पेनमधे शंभरेक वर्षं आधीच लिहून ठेवलेले होते, चित्रकाराने मनाने घेतलेले नाहीत. मग चंद्रकोर. मग पृथ्वीचा गोळा आणि त्याला वेटोळं घातलेला साप, त्याच्या तोंडात सफरचंद. आणि ती सापावर पाय देऊन उभी आहे, तेही खाली न बघता. हीच गोष्ट मला तिथे सगळ्यात जास्त आवडली. रागाने चिरडत नाहीये, मारामारी नाही, नजर अर्धवट झुकलेली, जणू पायाखाली काय आहे याची तिने दखलच घेतलेली नाही. खाली बाजूला लिली, ताडाचं झाड, आरसा. आरसा म्हणजे डाग नसलेला आरसा, नटण्याचा नाही. राजवाड्यातल्या चित्रात आरसा असता तर नटणंमुरडणंच समजायचं.

या चित्रांचं पुढे काय झालं तेही ऐका. तिएपोलो १७७० मधे माद्रिदलाच वारला आणि थोड्याच काळात त्याची ती सातही चित्रं तिथून काढून दुसऱ्या चित्रकारांची लावली. हवा बदलली होती, ही गोड शैली लोकांना जुनी वाटायला लागली होती.

४. उजेड कुठून येतोय ते शोधा

ही पायरी पटकन होते पण लोक विसरतात. चित्रात खिडकी, दिवा, सूर्य काही आहे का बघा. नसेल आणि तरी उजेड असेल तर तो कुठून येतो? बुशे नावाचा फ्रेंच चित्रकार, ज्याच्या नावावर सगळ्या नखरेल बायका आहेत, त्याने १७५० साली मादाम द पाँपादूरच्या बेलव्ह्यू महालातल्या खाजगी प्रार्थनाघरासाठी येशूजन्माचं चित्र काढलं, आता ते ल्याँच्या म्युझियममधे आहे. त्याचं नावच 'जगाचा प्रकाश'. त्यात सगळा उजेड गव्हाणीतल्या बाळातून येतो, बाकीचे चेहरे त्या बाळाच्या उजेडात दिसतात. राजाच्या मैत्रिणीसाठी, त्याच गोंडस हाताने काढलेलं, पण बायबलमधलं वाक्य जसंच्या तसं रंगवलंय.

५. छत वाचताना दोन टोकं आधी बघा

भिंतीवरचं चित्र एका जागी उभं राहून बघता येतं, छताचं तसं नाही. त्यात गोष्ट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, आणि मधे उभं राहून नुसतं वर बघितलं तर फक्त चक्कर येते. दारातून आत आलात की थांबा, समोर वेदीच्या वरचं टोक बघा, मग वेदीपर्यंत चालत जा, मागे वळा आणि दाराच्या वरचं टोक बघा. मधलं सगळ्यात शेवटी.

हे मी शिकले वीसकिर्शेमधे, आणि शिकवलं आईने.

वीसकिर्शे म्हणजे कुरणातलं चर्च. ऑस्ट्रियाच्या सीमेकडे, श्टाइनगाडेनजवळ, आजूबाजूला खरंच गाई चरत असतात. गोष्ट अशी की गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी १७३० मधे मठातल्या दोघांनी जुन्या मूर्तींचे तुकडे जोडून, वरून कापड चिकटवून, फटके खाल्लेल्या साखळदंडातल्या येशूची एक मूर्ती केली. ती लोकांना बघवेना म्हणून काही वर्षांत बाजूला पडली, मग एका शेतकरणीने घरी नेली, आणि १४ जून १७३८ ला तिला त्या मूर्तीच्या डोळ्यांत पाणी दिसलं. झालं, माणसांची रीघ लागली. मग १७४५ ते १७५४ मधे झिमरमान भावांनी हे चर्च उभं केलं, डॉमिनिकुसने इमारत आणि योहान बाप्टिस्टने छताची चित्रं. १९८३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. छत घुमटासारखं फुगलेलं वाटतं ना, ते लाकडी सांगाड्यावर गिलावा केलेलं आणि बऱ्यापैकी सपाट आहे, फुगवलंय ते रंगाने.

तर आई तीन महिन्यांसाठी आली होती. सांगलीच्या कोर्टात तिने तीस वर्षं क्लार्क म्हणून काढली. मी तिला दुर्बीण दिली आणि माझं पाठ केलेलं सुरू केलं, हे बघ लाल खांब म्हणजे येशूचं रक्त, निळे खांब म्हणजे वरून येणारी कृपा. ती ऐकतच नव्हती. बराच वेळ एकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं ती एवढी मोठी खुर्ची मांडलीय, बसलंय कुठं कोण त्यावर?"

मी बघितलं. खरंच, एका टोकाला भलंमोठं सिंहासन, रिकामं. चार वेळा आले होते मी तिथे, कधी लक्षच गेलं नव्हतं. मी म्हटलं राहिलं असेल रंगवायचं. मग बाहेर पुस्तिकेत वाचलं. ते शेवटच्या न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी येशू सगळ्यांचा न्याय करणार त्याचं, सिंहासन आहे. समोरच्या टोकाला एक मोठं दार आहे, बंद, ते अनंतकाळाचं दार, त्यावर लॅटिनमधे लिहिलंय 'टेम्पुस नॉन एरिट अम्प्लिउस', यापुढे काळ उरणार नाही. दारापाशी काळाचा म्हातारा कोसळलेला. आणि मधे येशू बसलाय तो इंद्रधनुष्यावर, देवदूतांनी क्रूस उचलून धरलेला. इंद्रधनुष्य म्हणजे प्रलयानंतर देवाने नोहाशी केलेल्या कराराची खूण, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात आहे.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे कोर्ट अजून बसलेलं नाही. जज्ज आलाय, पण खुर्चीत नाही. तारीख लागायच्या आत तडजोड करून घ्या म्हणतोय."

आता मी कुणालाही घेऊन गेले की हेच सांगते, आणि पुस्तिकेत चार पानं घेतलीत त्यापेक्षा हे बरं आहे. जुन्या चर्चमधल्या शेवटच्या न्यायाच्या चित्रात नरकाचा जबडा, भाजली जाणारी माणसं, असलं सगळं असतं. इथे निकालाच्या आधीचा क्षण आहे. त्या खालच्या फटक्यांच्या मूर्तीचं दुःख आणि वरचे गुलाबी ढग यांचा संबंध मला तेव्हा पहिल्यांदा लागला.

एक पोटसूचना. छतावर कुणी चौकटीच्या बाहेर पडताना दिसलं तर दुर्बीण तिकडे लावा. व्हेनिसमधे जेसुआती चर्चच्या छतावर तिएपोलोने १७३७ ते १७३९ मधे जपमाळ वाटणारा संत डॉमिनिक काढलाय, आणि अगदी खाली पाखंडी लोक चौकट ओलांडून आपल्या अंगावर कोसळतायत. चौकटीच्या आत म्हणजे चर्चच्या आत, बाहेर पडले ते गेले, इतका सरळ हिशोब.

६. चार कोपऱ्यांत चार खंड दिसले तर

घोडा आणि मुकुट म्हणजे युरोप, उंट आणि धूप म्हणजे आशिया, हत्ती किंवा सिंह म्हणजे आफ्रिका, पिसांचा टोप आणि मगर म्हणजे अमेरिका. सगळं जग मरियाकडे किंवा येशूकडे बघतंय असं दाखवायचं असतं. श्टाइनहाउझेनच्या चर्चमधे वीसकिर्शेच्याच थोरल्या झिमरमानचं, म्हणजे योहान बाप्टिस्टचं, छत आहे, त्यात हे चारही खंड आहेत, शिवाय एका बाजूला आदम-हव्वेची बाग आणि दुसऱ्या बाजूला कारंजं असलेली मरियाची बाग. आपण बिचारे उंटवाल्यांत मोडतो. हत्ती आफ्रिकेला देऊन टाकलाय याचा मला दर वेळी थोडा राग येतो.

७. बाकीचे सापळे

व्युर्त्सबुर्गच्या राजवाड्यात सगळे तिएपोलोच्या जिन्यावरचं प्रचंड छत बघतात, ग्रुप फोटो काढतात आणि निघतात. तिथल्याच दरबारी चर्चमधे त्याची १७५२ ची दोन वेदीचित्रं आहेत, एक मरियाचं स्वर्गारोहण आणि दुसरं बंडखोर देवदूतांचं पतन. एक वर चाललीय, दुसरे खाली पडतायत, समोरासमोर बघा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते आमचंही राहिलं.

पॅरिसच्या लूव्हर म्युझियममधे फ्रागोनार या फ्रेंच चित्रकाराची दोन चित्रं आहेत, एकात मेंढपाळ बाळ येशूला नमस्कार करतायत आणि दुसऱ्यात एक तरुण बाईला मिठीत धरून दाराची कडी लावतोय. ही दोन्ही एकाच सरदाराने जोडीने घेतलेली. दुसऱ्यात टेबलावर सफरचंद आहे. ते हव्वेचं सफरचंद आहे हे कळलं की जोडी का केली ते कळतं, एकात पाप आणि एकात त्यावरचा उतारा. एकटं बघितलं तर नुसतं चावट चित्र.

आणि ज्यांना युरोपला यायचं नाही त्यांनी वसईतल्या किंवा गोव्यातल्या ख्रिश्चन मित्राच्या घरातली तसबीर बघा. छातीवर हृदय, त्याला काट्यांचा वेढा, वर ज्वाळा आणि छोटा क्रूस. शाळेत असताना वसईच्या मैत्रिणीकडे त्याच्यासमोर लाल बल्ब लावलेला असायचा, आणि मला त्याची भीती वाटायची. त्या तसबिरींच्या मुळाशी जे चित्र आहे ते पाँपेओ बातोनीने १७६७ मधे रोमच्या जेझू चर्चसाठी काढलं. या गोड शैलीचा अगदी शेवटचा काळ तो. काटे म्हणजे काट्यांचा मुकुट, ज्वाळा म्हणजे प्रेम, आणि हृदयावरची चीर ती भाल्याची. म्हणजे रोकोकोचं एक चित्र तुम्ही आधीच शंभर वेळा बघितलेलं आहे.

८. जायच्या दिवशी

मास, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना आत फिरू देत नाहीत, वेळा आदल्या दिवशी बघा. लग्न असलं तरी थांबावं लागतं. सकाळी उजेड चांगला असतो आणि बसेस भरून येणारे ग्रुप जेवणाच्या सुमारास येतात, म्हणून लवकर जा. फ्लॅश मारू नका. एका चर्चमधे एका दिवसात एकच चित्र नीट बघा, बाकीचं दिसेल तेवढं दिसेल.

वीसकिर्शेला गाडी नसेल तर फ्युसेनवरून बस आहे, पण फेऱ्या कमी. उतरल्या उतरल्या स्टॉपवरच्या परतीच्या वेळांचा फोटो काढा. मी नाही काढला, बस डोळ्यासमोरून गेली, आणि आई नि मी दीड तास कुरणाच्या कडेला बसून डब्यातल्या दशम्या संपवल्या. समोर गाई होत्या, मागे चर्च, आणि आई मला तिच्या कोर्टातल्या एका जज्जची गोष्ट सांगत होती जो कधीच वेळेवर खुर्चीत यायचा नाही.